धूम्रपान, अतिमद्यपान व समुदायाचे आरोग्य : श्रीरामपूर परिसराच्या संदर्भात

'व्यसन' या शब्दाला संस्कृतात दोन अर्थ आहेत. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची जी अठरा व्यसने गणली आहेत त्यांत मद्यपान येते. तेथे व्यसन म्हणजे व्यक्तीच्या ठिकाणचा दोष होय. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणाचा मुख्य रोख निराळा आहे. तेथे व्यसन म्हणजे स्वामी, अमात्य, जनपद इत्यादी राज्याच्या अंगांवर ओढवणारे संकट. मराठीने यांपैकी पहिला अर्थ तेवढा जवळ केला व दुसरा सोडून दिला. एखाद्या माणसाला व्यसन लागते असे आपण म्हणतो. एखाद्या जनपदाला व्यसन लागते असे म्हणत नाही. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले आणि मद्यपानाविषयीची मराठी मनाची कल्पना त्या नाटकाने पुढील कित्येक दशकांपुरती पक्की केली : एक बुद्धिमान पुरुष, एक दुबळा क्षण, आणि एका घराचा नाश. प्याला कोठून आला, तो कोणी भरला, त्यावर सरकारचा कर किती होता, हे प्रश्न त्या शोकांतिकेच्या कक्षेबाहेर राहिले. नाटकाच्या दृष्टीने ते योग्यच होते.

या प्रश्नांकडे त्याआधी कोणी पाहिलेच नव्हते असे मात्र नाही. १८८० साली, पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, जोतीराव फुले यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी हरकत घेतली होती. नीतीबरोबरच नागरिकांच्या आरोग्याचा मुद्दा त्यांनी त्या पत्रात मांडला. नगराच्या आरोग्यासाठी खर्च करणाऱ्या संस्थेने आरोग्य बिघडविणाऱ्या दुकानांकडे डोळेझाक करणे विसंगत आहे, असा तो युक्तिवाद होता. दारूचा प्रश्न हा दुकानांच्या संख्येचा व स्थानिक संस्थेच्या जबाबदारीचा प्रश्न आहे ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते. समुदाय-आरोग्याच्या शास्त्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे तत्त्व सिद्धान्तरूपाने मांडले, त्याचे बीज या पत्रात आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रौढांचे धूम्रपान व अतिमद्यपान यांचा विचार या दृष्टीने करावयाचा झाल्यास अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूरसारखे उदाहरण शोधून सापडणे कठीण. कारण येथे उत्पादन, विक्री, सेवन व परिणाम या साखळीचे सर्व दुवे काही कोसांच्या परिघात एकत्र आलेले आहेत.

श्रीरामपूर हे जुने गाव नव्हे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला व बेलापूर गावासाठी जे स्थानक झाले त्याच्या भोवती ही पेठ वाढली. स्थानकाच्या जुन्या नावाची खूण रेल्वेच्या संक्षिप्त सांकेतिक अक्षरांत अजूनही टिकून आहे. पुढे १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या अवर्षणग्रस्त जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले. बाजरीच्या जागी ऊस आला. हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना उभा राहिला, तर १९३३ साली डहाणूकरांनी स्थापिलेल्या महाराष्ट्र शुगर मिल्सचा कारखाना टिळकनगर येथे आला. शेजारच्या लोणी येथे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखान्याची मुहूर्तमेढ झाली. खासगी कारखान्यांच्या ऊसमळ्यांच्या जमिनी कमाल जमीनधारणा कायद्यान्वये शासनाकडे आल्यावर त्या कसण्यासाठी १९६३ साली राज्य शेती महामंडळ स्थापन झाले, आणि हरेगाव व टिळकनगर हे त्याचे दोन मळे झाले. येथील लोकसंख्येत मळ्यांवरील कामगार, कारखान्यातील हंगामी कामगार, हमाल, व्यापारी व दरवर्षी येणारे ऊसतोडणी मजूर यांचे प्रमाण सुरुवातीपासून मोठे राहिले. पिढ्यानपिढ्या एकमेकांना ओळखणारे बारा बलुत्यांचे गाव असे या वस्तीचे स्वरूप नाही. या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसेल.

उसाबरोबर मळी येते. एक टन ऊस गाळला असता सुमारे ४० ते ४५ किलो मळी उरते, आणि एक टन मळीपासून साधारणपणे सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क निघतो. म्हणजे प्रत्येक टन उसामागे दहा लिटरांच्या आसपास. मळी टाकून देता येत नाही. तिच्या साठ्याचा व विल्हेवाटीचा प्रश्न प्रत्येक कारखान्यापुढे असतो, आणि मद्यार्क हे त्याचे सर्वांत किफायतशीर उत्तर ठरले. त्यामुळे साखर कारखान्यास जोडून आसवनी हे ऊसपट्ट्याचे सर्वसामान्य चित्र झाले. टिळकनगरच्या उद्योगात तर कालांतराने साखर मागे पडली व मद्यनिर्मिती हाच मुख्य व्यवसाय झाला. तेथील ब्रँडीचा बराच मोठा खप दक्षिणेकडील राज्यांत होतो. तालुक्यातील मजूर जी दारू पितो ती बहुतांशी दुसरीच असते : परवान्याच्या दुकानातील देशी, किंवा हातभट्टीची.

मळीला आता तिसरा गिऱ्हाईक मिळाला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाने २०२५ साली २० टक्क्यांचे लक्ष्य गाठले व कारखान्यांचा मद्यार्क मोठ्या प्रमाणावर इंधनाकडे वळला. मद्यार्कनिर्मितीवर ज्यांचे पोट आहे त्यांना पिण्याच्या दारूखेरीज अन्य बाजारपेठ असू शकते, एवढे यावरून सिद्ध होते. त्यामुळे पिण्याची दारू कमी होईल असे मात्र समजू नये. दारूसाठी लागणारा मद्यार्क एकूण उत्पादनाच्या मानाने अल्प आहे व तिचा नफा मोठा आहे.

मद्यपानाच्या बाबतीत शासनाची भूमिका गेल्या पाऊणशे वर्षांत दोन टोकांमध्ये हेलकावत राहिली. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने पोषण, जीवनमान व सार्वजनिक आरोग्य यांच्या सुधारणेबरोबरच मादक पेयांची बंदी राज्याचे कर्तव्य म्हणून सांगितली. हा संदर्भ स्पष्टच आरोग्याचा आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने, व पुढील वर्षी लागू झालेल्या संपूर्ण दारूबंदीने, हे कर्तव्य पोलिसांच्या हाती दिले. १९६० नंतर बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली, १९७३ च्या नियमांनी देशी दारूची विक्री पद्धतशीर सुरू झाली, आणि जो विषय गुन्ह्याचा होता तो महसुलाचा झाला. राज्याचे उत्पादन शुल्क आता वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. गंमत अशी की परवाने देणे, दुकाने चालविणे व शुल्क गोळा करणे हा सर्व व्यवहार आजही दारूबंदीच्याच अधिनियमाखाली चालतो. गुन्हा आणि महसूल या दोन्ही भूमिकांत आरोग्यखात्याला स्थान नव्हते. तालुक्यात किती दुकाने असावीत हे ठरविताना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत काय आहे हे कोणी विचारीत नाही.

बंदीच्या काळाने ऊसपट्ट्याला एक वारसा दिला, तो हातभट्टीचा. काळा गूळ व नवसागर यांचे रसायन, ते आंबविण्यासाठी जमिनीत पुरलेली पिंपे, ओढ्याकाठची काटवने : ही सामग्री ज्या प्रदेशात गूळ व पाणी दोन्ही मुबलक तेथे सहज जमते. हातभट्टीच्या दारूने माणसे मरतात ही समजूत मात्र थोडी तपासून घेतली पाहिजे. गूळ आंबवून काढलेल्या दारूत मिथेनॉल अत्यल्प असते. सामूहिक मृत्यू घडतात ते मुख्यतः कारखान्यांत वापरले जाणारे मिथेनॉल कोणी दारू म्हणून किंवा दारूत मिसळून विकल्यामुळे. शरीरात त्याचे प्रथम फॉर्माल्डिहाइड व नंतर फॉर्मिक आम्ल होते, आणि हे आम्ल दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते. जे वाचतात त्यांपैकी अनेक आंधळे होतात. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभरावर माणसे दगावली. नगर तालुक्यातील पांगरमल येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या दिवसांत, बनावट दारूने अनेकांचे प्राण घेतले. ती दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहात तयार होत असल्याचे पोलीस तपासातून पुढे आले. अशा घटना वृत्तपत्रांत गाजतात. पण ज्या दारूवर शासनाचा शिक्का आहे ती पिऊन यकृत निकामी होऊन मरणारे लोक एकेक करून मरतात, आणि त्यांची बातमी होत नाही. संख्येने ते कितीतरी अधिक असतात.

येथे 'अति' या शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी १३.९ टक्के व स्त्रियांपैकी ०.४ टक्का मद्यपान करतात. म्हणजे बहुसंख्य लोक पीतच नाहीत. फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ ल्यूदेरमान यांनी १९५६ साली असा सिद्धान्त मांडला की समाजाचे सरासरी सेवन वाढले की अतिमद्यप्यांची संख्याही ठराविक रीतीने वाढते. इंग्लंडमध्ये जेफ्री रोझ यांनी १९८५ साली त्याच अंगाने 'आजारी व्यक्ती' व 'आजारी समाज' यांतील भेद विशद केला. जेथे जवळजवळ सर्वच जण थोडीफार पितात अशा समाजांसाठी हे विवेचन चपखल आहे. येथील स्थिती तशी नाही. येथे एकीकडे न पिणाऱ्यांचा मोठा समूह व दुसरीकडे पिणाऱ्यांचा लहान समूह आहे, आणि 'थोडीफार' पिणारा मधला वर्ग विरळ आहे. जो पितो तो प्रायः कडक दारू पितो, झटपट पितो व नशेसाठीच पितो. राष्ट्रीय पातळीवरील २०१९ च्या पाहणीतही देशी दारू व विदेशी बनावटीची कडक दारू यांचाच वाटा मोठा आढळला. बिअर व वाइन यांचा वाटा तुलनेने लहान होता.

याचे एक कारण बाटलीच्या मापात आहे. दुकानात सर्वाधिक खपणारे माप १८० मिलिलिटरचे, ज्याला लोक क्वार्टर किंवा जुन्या सवयीने पावशेर म्हणतात. त्यातील दारूत मद्यार्काचे प्रमाण शेकडा ४२.८ असते. हिशेब केल्यास त्या एका बाटलीत सुमारे ७७ मिलिलिटर, म्हणजेच ६१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क भरतो. जागतिक आरोग्य संघटनेने एका बैठकीतील अतिमद्यपानाची जी मर्यादा मानली आहे ती ६० ग्रॅमची आहे. अर्थात, फोडलेली बाटली संपविण्याची रीत पाळणारा माणूस एकच क्वार्टर घेऊन थांबला, 'आपण काही फार पीत नाही' असे प्रामाणिकपणे म्हणाला, तरी शास्त्राच्या लेखी तो त्या दिवशी अतिमद्यपी ठरतो. येथे अति हा अपवाद नसून विक्रीचे एकक आहे. व्यक्तीच्या संयमाविषयी कितीही प्रवचने केली तरी हे एकक बदलत नाही; ते बदलण्याचा अधिकार नियम करणाऱ्यांकडे आहे. नव्वदच्या लहान बाटलीने प्रश्न सुटेल काय, याविषयी मतभेद संभवतो, कारण स्वस्त माप नव्या गिऱ्हाइकालाही परवडते. परंतु मापाचा प्रश्न आरोग्याचा प्रश्न म्हणून चर्चेत येणे हेच मुळात घडलेले नाही.

दारूच्या परिणामांचे दुसरे वैशिष्ट्य असे की ते पिणाऱ्यापुरते राहत नाहीत. मजुरीचा दिवस व बाजाराचा दिवस एकच ठेवण्याची जी जुनी रीत आहे तीत घरखर्चाचा पैसा हाती येण्याची व दुकान उघडे असण्याची वेळ एकच होते. त्या संध्याकाळी न पिणारी स्त्री व न पिणारी मुले या व्यसनाची किंमत मोजतात, कधी रोख रकमेत, कधी मारहाणीत. ज्या समाजात शंभरांतील ऐंशीपेक्षा अधिक पुरुष व जवळजवळ सर्व स्त्रिया पीत नाहीत, तेथे दारूची हानी सोसणाऱ्यांत न पिणारेच बहुसंख्य असणार.

धूम्रपानाची कथा निराळी आहे, आणि येथे एक रूढ समज दूर करणे अवश्य आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण केवळ ३.८ टक्के आढळले (भारताचे १०.७ टक्के), धूररहित तंबाखूचे सेवन मात्र २४.४ टक्के लोकांत होते. म्हणजे केवळ धूम्रपानाची मोजदाद केली तर तंबाखू वापरणाऱ्या सातांपैकी सहा जण नोंदीबाहेर राहतात. श्रीरामपूरच्या मळ्यावर तंबाखू मुख्यतः चुन्याबरोबर मळली जाते व गालात तिचा बार भरला जातो. स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मिसरी दातांना लावतात. हा व्यवहार सामाजिक आहे. चंची पुढे करणे ही ओळखीची पहिली पायरी असते व नाकारणे उद्धटपणाचे वाटते. भुकेवर तात्पुरता तोडगा म्हणूनही तिचा उपयोग होतो. पहाटे ऊस तोडावयास निघणाऱ्या मजुराला सकाळची न्याहारी उशिरा मिळते, तंबाखू लगेच मिळते.

या सवयीची हानी भारतात, विशेषतः मुंबईत, फार लवकर ओळखली गेली. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली, सूर्याबाई यांच्यासह, कर्करोगाचा लोकांच्या चालीरीतींशी असलेला संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. ओठात धरलेल्या खैनीचा त्यात समावेश होता. डॉल व हिल यांचे सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांविषयीचे ख्यातनाम संशोधन त्यानंतर पाच वर्षांनी आले. १९७२ साली फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मौखिक तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्ञान होते, ते तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास विलंब लागला.

धूम्रपान करणारे थोडे असले तरी जे आहेत त्यांच्यातील मोठा भाग विडी ओढणाऱ्यांचा आहे, आणि विडी सिगारेटपेक्षा सौम्य ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. विडीत तंबाखू थोडी, सुमारे पाव ग्रॅमच्या आत असते. पण टेंभुर्णीचे पान हवा आत येऊ देत नाही व ती सारखी विझते, म्हणून ओढणाऱ्यास वरचेवर व खोल झुरके घ्यावे लागतात. परिणामी कार्बन मोनॉक्साइड व डांबरी द्रव्ये छातीत अधिक जातात. मुंबईतील पस्तीस वर्षांवरील नागरिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात (निष्कर्ष २००५) तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांत १.६४ पट आढळले. करआकारणीत मात्र विडीला नेहमी झुकते माप मिळाले आहे. त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. अहिल्यानगर शहर व संगमनेर येथे विड्या वळण्याचा धंदा जुना असून हजारी दराने घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया हा त्याचा आधार आहे. त्यांच्यासाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. विडी महाग करा असे सांगणाऱ्याने या स्त्रीच्या मजुरीचे काय, या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. ते न देता केलेली शिफारस कागदावरच राहते. मळीच्या बाबतीत इंधनाने जी पर्यायी बाजारपेठ दिली तशी विडीकामगार स्त्रीला कोणी दिलेली नाही.

धूम्रपान व मद्यपान या दोन वाटा क्षयरोगाच्या ठिकाणी एकत्र येतात. तमिळनाडूतील २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने भारतातील पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांमागे धूम्रपान कारणीभूत असल्याचा अंदाज वर्तविला. धुराने श्वासमार्गाची संरक्षक यंत्रणा दुबळी होते; अतिमद्यपानाने प्रतिकारशक्ती व आहार दोन्ही खालावतात. शिवाय क्षयाच्या काही औषधांचा भार यकृतावर पडतो व पिणाऱ्याचे यकृत आधीच थकलेले असते, आणि नशेच्या दिवसांत गोळ्या चुकतात. मुख व अन्ननलिका यांच्या कर्करोगातही तंबाखू व दारू यांचा एकत्रित धोका दोहोंच्या बेरजेपेक्षा मोठा असतो. म्हणून एका खात्याने विडीवर व दुसऱ्याने दारूवर स्वतंत्र मोहिमा चालविण्याची पद्धत शास्त्रदृष्ट्या सदोष आहे. रोगी एकच असतो.

मग उपाय कोणता? याच जिल्ह्याने देशाला दोन आदर्श दिले आहेत असे म्हटले जाते व ते खरेही आहे. पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, आणि गावातील विडी-सिगारेट-तंबाखू होळीत टाकून तिची विक्रीही थांबविण्यात आली. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने १९९० च्या सुमारास पोपटराव पवार यांच्या काळात नशाबंदीचा समावेश गावाच्या पंचसूत्रीत केला. दोन्ही ठिकाणी पाणलोटाची कामे, श्रमदान व दारूबंदी हातात हात घालून गेली. राळेगणात पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याच्या घटना प्रसिद्धच आहेत; ज्याला आरोग्याचा प्रश्न म्हणावयाचे त्याला फटक्यांचे औषध देणे कोणत्याही वैद्यकाला मान्य होणार नाही. त्या घटना बाजूला ठेवल्या तरी या गावांचे यश नाकारता येत नाही.

पण ते यश कोणत्या भूमीवर उभे होते हे पाहिले पाहिजे. दोन्ही गावे लहान, कोरडवाहू, एका ग्रामसभेत मावणारी. तेथे पाणी दुर्मीळ होते, ते मिळविण्यासाठी एकत्र येणे भाग होते, व एकत्र आलेल्यांना एकमेकांवर नियम लादता येत होते. श्रीरामपुरास पाणी कालव्याने आणून दिले. त्यासाठी शेजाऱ्याशी करार करावा लागला नाही. येथील मजूर मळ्याच्या चाळीत, कारखान्याच्या वसाहतीत किंवा तोडणी टोळीच्या कोपीत राहतो, आणि त्याचा शेजारी पुढच्या हंगामात दुसरा असतो. समुदाय-आरोग्य म्हणताना जो समुदाय गृहीत धरला जातो तो राळेगणात होता. श्रीरामपुरात तो घडवावा लागेल. एकाच जिल्ह्याच्या दक्षिणेतील अनुभव उत्तरेत जसाच्या तसा नेण्याचे प्रयत्न निष्फळ ठरतात याचे कारण लोकांच्या नीतिमत्तेतील फरक नसून वस्तीच्या घडणीतील फरक हे आहे.

कायद्याने दिलेल्या एका साधनातही हीच अडचण दिसते. २००८ च्या आदेशानुसार एखाद्या गावातील किंवा प्रभागातील एक चतुर्थांश स्त्री मतदारांनी मागणी केल्यास दारूच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घेता येते, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी 'आडव्या बाटली'ला कौल दिल्यास दुकान बंद होते. लोकशाही मार्गाने आरोग्याचा निर्णय हानी सोसणाऱ्यांच्या हाती देणारी ही तरतूद मोलाची आहे. तिच्यातील अट मात्र बारकाईने वाचली पाहिजे : निम्म्या स्त्रिया म्हणजे मतदानास आलेल्यांपैकी निम्म्या नव्हेत, यादीतील एकूण स्त्रियांपैकी निम्म्या. स्थिर वस्तीच्या गावात हा फरक किरकोळ ठरतो. बदल्या, लग्ने, स्थलांतरे यांनी मतदारयादी फुगलेल्या पेठगावात मात्र जी स्त्री मेली, जी सासरी गेली, जी कामाला बाहेरगावी आहे, ती प्रत्येक जण अनुपस्थित राहून दुकानाच्या बाजूने मोजली जाते. उलट पाथर्डी, शेवगाव किंवा बीडकडून येऊन पाच महिने येथे राहणाऱ्या ऊसतोडणी स्त्रीला, जिच्या घरची उचल या दुकानात जाते, येथे मतच नाही.

ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर शक्य असलेले काम तुलनेने साधे आहे व त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. अतिमद्यपान ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी उपलब्ध आहे. तिच्यातील 'प्रमाण पेय' दहा ग्रॅमचे असते. श्रीरामपूरच्या रुग्णाला दिवसाला किती पेये घेता असे विचारणे निरर्थक आहे. किती क्वार्टर, किती जणांत, आठवड्यातून कितीदा, असे विचारल्यास उत्तर मिळते व त्याचे ग्रॅममध्ये रूपांतर करता येते. तसेच विडीची गणना बंडलांत व तंबाखूची पुड्यांत केली पाहिजे. आणि 'धूम्रपान करता काय' या प्रश्नास 'नाही' असे उत्तर आल्यावर थांबता कामा नये. लोणी येथे १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. साखर, मळी, मजूर व वैद्यकीय विद्यार्थी इतक्या निकट असलेली ठिकाणे देशात फार नसतील; पदव्युत्तर प्रबंधांना विषयांची वाण पडू नये.

अशा प्रबंधाला पहिला विषय ऊसतोडणी टोळ्यांचाच मिळेल. साध्या क्षयरोगाचा औषधोपचार सहा महिन्यांचा असतो व तोडणीचा हंगाम सुमारे पाच महिन्यांचा. दिवाळीनंतर श्रीरामपूर भागातील केंद्रात ज्याचे उपचार सुरू झाले तो मजूर शेवटच्या महिन्यात आपल्या गावी पोहोचलेला असतो. राष्ट्रीय नि-क्षय नोंदणीमुळे त्याच्या गोळ्यांचा हिशेब एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे जाऊ शकतो. विडी व दारू सोडण्यासाठी त्याच्याशी जे बोलणे झाले त्याचीही नोंद त्याच पत्रकात ठेवून ती त्याच्याबरोबर पाठविता येईल काय, याचा प्रयोग एका हंगामात, दोन तालुक्यांत करून पाहण्याजोगा आहे.